झटका

दौलतगंजातल्या आमच्या वाड्याच्या दरवाजातून एमजी बाहेर काढायची, तर दोन्ही अंगांना चार-चार बोटं जागा उरते. म्हणून ती ढकलत गल्लीत आणायची आणि मगच इंजिन सुरू करायचं, हा काकांचा दंडक. १९८६ च्या जानेवारीत एका पहाटे मी आणि धाकट्या भावानं ती तशीच ढकलत काढली, पण गल्लीतही सुरू केली नाही. थेट बाड्याच्या चौकापर्यंत ढकलत नेली. काका झोपले होते आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

टीसी मॉडेलची, १९४७ ची गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ दरम्यान अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. लोखंडी चासी, तिच्यावर ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा. एकोणीस इंची तारांची चाकं. काकांनी ती जुनीच घेतली होती आणि मुलासारखी सांभाळली होती.

पैज सराफ्यातल्या मित्राच्या फियाटशी लागली होती. त्याची पद्मिनी नवी, १०८९ सीसीची. आमची एमजी चाळिशीला टेकलेली, पण १२५० सीसीची, ५४ अश्वशक्तीची. शिवपुरी रस्त्यावर पनिहारच्या पुढे एक सरळ तुकडा पाहून आम्ही पावलांनी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, मोजून ठेवला होता. ‘ड्रॅग’ शर्यतीचं हे माप अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात सांता आनाच्या धावपट्टीवर १९५० साली अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या. तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये निशाणवाला उभा राहायचा आणि त्यानं इशारा केला की सुटायचं. ख्रिसमस ट्री म्हणतात तो रंगीत दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकातली निशाणवाल्याची छायाचित्रं मी कितीदा तरी पाहिली होती. आमचा निशाणवाला माझा भाऊ, वय सतरा, हातात काकांचं उपरणं.

पहिली फेरी मित्रानं जिंकली, दुसरी मी. तिसऱ्या फेरीला मी इंजिन ओरडेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि उपरणं खाली येताच क्लचवरचा पाय एकदम उचलला. देवळातली घंटा फुटावी तसा आवाज झाला. इंजिन गरजत राहिलं, गाडी जागची हलेना. मागचा एक हाफ शाफ्ट तुटला होता.

तो का तुटला हे गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी नंतर कागदावर मांडून दाखवलं, तेच आज इथे सांगतो. या गाडीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये सतरा वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. म्हणजे इंजिनाचा पीळ मागच्या दोन्ही चाकांशी मिळून जवळजवळ सतरा पट होऊन पोहोचतो. शिवाय जोरात फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली शक्ती क्लच सुटताच एका क्षणात मागे धावते. यातला आपल्या चाकाचा निम्मा वाटा झेलतो तो बोटभर जाडीचा पोलादी दांडा, म्हणजे हाफ शाफ्ट. त्याचं निमुळतं टोक चाकाच्या हबमध्ये बसतं आणि तिथे चावीसाठी खाच पाडलेली असते. तडा जातो तो याच खाचेच्या कोपऱ्यातून. वर्षानुवर्षं केसाएवढा राहतो, दिसत नाही. रोजच्या चालीत तो दांडा कदाचित आणखी दहा वर्षं टिकला असता. सावकाश वाढणारा जोर जुनं पोलाद सहन करतं. झटका सहन करत नाही.

हे मला त्या सकाळी कळलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

काका उठायच्या आत गाडी घरी पोहोचवायची होती. फियाटनं एमजीला टोचन करून न्यायचं ठरलं. शेजारच्या विहिरीवरून जुना काथ्याचा दोर मागून आणला, त्याला मित्राच्या डिकीतला लोखंडी हुक बांधला. आधी हुक अडकवला पुढच्या दिव्यांच्या दांडीत. फियाट हलली आणि दांडी वाकली, एक दिवा आभाळाकडे बघू लागला. मग आम्ही हुक चासीला घातला. चासीच योग्य होती, दोर मात्र तोच राहिला. भाऊ दोघांच्या मधे चालत होता, कारण दोर जमिनीला लागला की तो उचलून धरायचा, असं आम्हीच त्याला सांगितलं होतं. मी सांगितलं होतं.

उतारावर एमजी पुढे सरकली, दोर सैल पडला. पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून मित्र थांबला, मीही ब्रेक दाबला. म्हशी गेल्या. तो निघाला, माझा पाय ब्रेकवरच राहिला. दोर ताणला आणि तुटला. हुक उसळून आला तो भावाच्या डाव्या डोळ्यावर.

त्या डोळ्यानं त्याला आज फक्त उजेड-अंधार कळतो. दवाखान्यात काका मला एक शब्दही बोलले नाहीत. घरी आल्यावर वाकलेली दांडी त्यांनी स्वतः काढून ठेवली आणि मला एवढंच म्हणाले, “गाडी दुरुस्त होईल.”

आता दोराचं गणित. पुढची गाडी ताशी १० किलोमीटर वेगानं निघाली, मागची उभी आहे आणि दोर सैल आहे. साधारण आठशे-नऊशे किलोच्या दोन गाड्या धरा. दोर फक्त १० सेंटिमीटर ताणला गेला, तर त्याच्यावर सरासरी दीड टनाहून जास्त ओढ येते, आणि एखाद्या क्षणी त्याच्या दुप्पट. तोच दोर एक मीटर ताणला जात असेल, तर सरासरी ओढ दीड-पावणेदोन क्विंटलवर उतरते. दहा पट फरक. म्हणून टोचनासाठी काथ्या, साखळी किंवा पोलादी वायररोप वापरू नका. ताणणारा नायलॉनचा पट्टा घ्या आणि तो हुकाशिवाय, शॅकलनं चासीलाच जोडा. बंपर, दिव्याची दांडी, स्टिअरिंगचे दांडे यांना दोर लावायचा नाही. पट्ट्याच्या मधोमध जाड गोधडी टाका. तुटलाच, तर तिच्या वजनानं त्याची उसळी कमी होते. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको, लेकरू नको, कुत्रंसुद्धा नको.

मागच्या गाडीतल्या माणसाचं काम पुढच्यापेक्षा अवघड असतं, आणि आपण नेहमी नवख्याला मागे बसवतो. दोर सैल पडू न देणं हे त्याचं काम. पुढचा हळू होतोय असं दिसलं की त्याच्याही आधी हलका ब्रेक लावायचा, म्हणजे दोर ताठ राहतो. पुढचा निघताना मात्र पाय उचललेला हवा. त्यासाठी हाताच्या खुणा निघण्याआधी ठरवाव्या लागतात. आम्ही एकही ठरवली नव्हती. कायद्यालाही मागच्या गाडीत परवानाधारक चालक लागतो, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत लागतं, आणि मागे गाडी ओढून नेली जात असल्याची पाटी लागते. वेग ताशी वीस-पंचवीसच्या पुढे नेऊ नका. आजच्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक असतं, तेव्हा चावी फिरवलेली हवी. इंजिन बंद असेल तर बूस्टरचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, हेही मागच्यानं आधी दाबून बघावं.

जुन्या गाडीची आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून ती लांब ओढत नेली, तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सचा खालचा शाफ्ट फिरत नाही. तो फिरतो तेव्हाच तेल वर उडतं. वरचा शाफ्ट मात्र चाकांबरोबर कोरडाच फिरत राहतो. चार-पाच किलोमीटरच्या पुढे जायचं असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे फ्लॅटबेड ट्रक बोलवा. त्याचं भाडं जड वाटतं, पण मी दिलेली किंमत मला माहीत आहे.

एमजीनं दुसऱ्या गाडीला ओढण्याचा प्रसंगही आला, दोन वर्षांनी. शेजारच्या घरी लग्न होतं, वऱ्हाडाची अँबेसिडर बाड्यावर बंद पडली. अकराशे किलोहून जास्त वजनाची गाडी आठशे किलोच्या गाडीला बांधली. पट्टा चांगला होता, खुणा ठरल्या होत्या, झटका बसू दिला नाही. तरी सराफ्याच्या गर्दीत दर दहा पावलांवर थांबत-निघत क्लच प्लेट जळाली. हलक्या गाडीनं जड गाडी ओढू नये. मागच्याला ब्रेक लावायला उशीर झाला, तर जड गाडी हलकीला धडकते, ते तर आणखी वाईट.

शर्यतीची हौस असणाऱ्यांना मी दटावत नाही. मलाही ती होती. पण रस्ता ही जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि आमच्यासमोर म्हशी आल्या, तुमच्यासमोर शाळेत जाणारं पोर येईल. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या रीतसर शर्यती झाल्या आहेत. तिथे हेल्मेट लागतं, गाडी तपासली जाते, रुग्णवाहिका उभी असते. जुनी गाडी घेऊन जाणार असाल, तर आधी दोन्ही हाफ शाफ्ट काढून रंगद्रव्य टाकून तडे तपासा, नाहीतर नव्या पोलादाचे घडवून घ्या. तारेच्या चाकांची प्रत्येक तार पान्यानं हलकेच वाजवून ऐका. ढिली तार बद्द बोलते. हबच्या दातऱ्या झिजून टोकदार झाल्या असतील, तर ते चाक शर्यतीला लावू नका. आणि सुटताना आधी गाडीला अर्धा हात सरकू द्या, क्लच पुरता बसू द्या, मगच पाय दाबा. अर्धा सेकंद जाईल. जाऊ द्या.

काका २००४ मध्ये गेले. गाडी त्यांनी भावाच्या नावावर केली, माझ्या नाही, आणि ते योग्यच केलं. दर रविवारी तो वाड्याच्या चौकात तारा वाजवत बसतो. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट येत नाही म्हणून गल्लीतून गाडी मी काढतो, ढकलतच. सीटमागे नायलॉनचा पट्टा, दोन शॅकल आणि आईची जुनी गोधडी असते. जवळच्या जवळ फेरी मारायची असली तरी निघण्याआधी तो विचारतो, “दादा, गोधडी घेतलीस?”