अकरावीच्या गणिताची तयारी आठवीपासून



दहावीचा निकाल लागला की शाळेत एक प्रश्न हमखास येतो, "सर, आता गणित घेऊ की सोडू?" खरे म्हणजे हा प्रश्न दोन-तीन वर्षे उशिरा विचारलेला असतो.

एक उदाहरण करून पाहू. 10 मीटर बाजूचा चौरस प्लॉट आहे. बाजू 1 मीटरने वाढवली तर क्षेत्रफळ 100 वरून 121 होते, म्हणजे 21 चौ. मीटरने वाढते. बाजू 0.1 मीटरने वाढवली तर वाढ 2.01 आणि 0.01 मीटरने वाढवली तर 0.2001. आता क्षेत्रफळातील वाढीला बाजूतील वाढीने भागा. उत्तरे येतात 21, 20.1, 20.01. ती 20 कडे, म्हणजे बाजूच्या दुपटीकडे सरकत आहेत. हेच अकरावीतले 'लिमिट' आणि 'डेरिव्हेटिव्ह'.

असे का होते? (x+h)² − x² = 2xh + h². याला h ने भागले की 2x + h उरते. h शून्याकडे गेला की 2x. यात नवीन गोष्ट शेवटची एकच पायरी आहे. बाकी सारे आठवी-नववीचे विस्तारसूत्र. ते नुसते पाठ केलेले असेल, तर अकरावीत पाय अडखळतो. सीबीएसईच्या 2025-26 च्या अभ्यासक्रमात बारावीच्या लेखी परीक्षेच्या 80 पैकी 35 गुण कलनशास्त्राला होते, यावरून त्याचे वजन लक्षात येईल.

म्हणून आखणी अशी करावी. आठवी-नववीत विस्तारसूत्रे, अवयव आणि आलेख पक्के करावेत. दहावीत वर्गसमीकरणे व त्रिकोणमिती सिद्धतेसह समजून घ्यावी. दहावीनंतरच्या सुट्टीत रोज अर्धा तास याच भागाची उजळणी करावी.

पर्याय निवडताना घाई नको. सीबीएसईने 2020 च्या दहावीच्या परीक्षेपासून 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन प्रश्नपत्रिका आणल्या. अभ्यासक्रम एकच, काठिण्य मात्र वेगळे. मूळ नियमानुसार बेसिक घेतलेल्यांना अकरावीत नेहमीचे गणित (041) मिळत नव्हते. पुढे त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या. 2020-21 पासून अकरावीत 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' (241) हा विषयही आला. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी आहे. पण अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा गणिताची पदवी मनात असेल, तर 041 च घ्यावे. नियम बदलत असतात, म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षाचे परिपत्रक आणि हव्या त्या महाविद्यालयाची प्रवेशाची अट दोन्ही वाचावीत.

पालकांना एक विनंती. केवळ टक्केवारी वाढावी म्हणून सोपा पर्याय घेऊ नका, आणि शेजारच्या मुलाने घेतला म्हणून अवघडही नको. मुलाची वही उघडा. उत्तर चुकले तरी पायऱ्या त्याच्या स्वतःच्या आहेत का, ते पाहा. असतील तर त्याला गणित जमेल.

विश्वस्त मंडळालाही सुचवावेसे वाटते की दहावीची परीक्षा संपताच पंधरा दिवसांचा उजळणी वर्ग शाळेतच घ्यावा. सगळ्यांनाच कोचिंगची फी परवडते असे नाही.

जाता जाता मुलांसाठी गृहपाठ: चौरसाऐवजी 10 मीटर बाजूचा घन घ्या आणि घनफळाची वाढ काढा. उत्तर कोणत्या संख्येकडे सरकते? ते 300 का येते, हे घरी आईबाबांना समजावून सांगा.