एकांताचे तीन डोंगर : भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर

पिंपरीतील संत तुकारामनगर या वसाहतीस जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराजांचे नाव लाभले आहे. २०२२ सालापासून तेथील मेट्रो स्थानकही याच नावाने ओळखले जाते. या नगरातून देहूस जाणाऱ्या भाविकांची संख्या मोठी आहे. विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन, इंद्रायणीचे स्नान आणि गाथा मंदिराची प्रदक्षिणा झाली की यात्रा पूर्ण झाली, असे मानून बहुतेक भाविक परत फिरतात. तथापि, ज्या स्थानी तुकोबारायांची साधना फळास आली, ती स्थाने गावात नसून गावाबाहेरच्या डोंगरांवर आहेत. भंडारा, भामचंद्र (भामनाथ) आणि घोरावडेश्वर (गोराडा) अशी त्यांची नावे परंपरेने जपली आहेत. डोंगर चढण्याचा आनंद, प्राचीन शिल्पांचे दर्शन आणि संतचरित्राचा अभ्यास या तिन्ही गोष्टी येथे एकाच वाटेवर घडतात.

डोंगरांची घडण

सह्याद्री आणि त्याचे फाटे हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांपासून बनलेले आहेत. थरावर थर साचत गेल्यामुळे या डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे पडलेले दिसतात. काही थर ठिसूळ, तर काही एकसंध व कणखर असतात. कणखर थराचा उभा कडा सापडला म्हणजे तेथे लेणे कोरता येते. कारण असा पाषाण छताचा भार पेलतो व सहसा ढासळत नाही. लेणे वरून खाली कोरीत आणीत, म्हणजे प्रथम छत आणि शेवटी जमीन. त्यामुळे पाडाची गरज फारशी भासत नसे.

याच पाषाणात पाण्याची टाकी खोदलेली आढळतात. प्राचीन शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे. पावसाळ्यात कड्यावरून उतरणारे पाणी अशा टाक्यांत साठते व खडकाच्या गारव्यात दीर्घकाळ टिकते. डोंगरावर माणसाला राहता आले ते या पोढींमुळेच.

लेणी कोरणारे आणि कोरविणारे

कोकणातील सोपारा व कल्याण या बंदरांतून घाट चढून देशावर येणारे व्यापारी मार्ग मावळातून जात असत. या मार्गांच्या आधाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंची लेणी निर्माण झाली. कार्ले, भाजे व बेडसे ही त्यांतील विख्यात लेणी होत. देहूच्या परिसरातील लेणी आकाराने लहान आहेत, परंतु त्यांचे प्रयोजन तेच होते. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एके ठिकाणी राहावे, असा नियम होता. त्यास वर्षावास म्हणतात. निवासाचे स्थान गावापासून इतके दूर असावे की ध्यानास अडथळा येऊ नये, आणि इतके जवळ असावे की भिक्षेसाठी उतरता यावे. तिन्ही डोंगर या कसोटीस उतरतात.

ही कामे केवळ राजे व श्रेष्ठी यांच्या दानातून झाली, असा समज आहे. घोरावडेश्वराच्या, म्हणजेच शेलारवाडीच्या लेण्यातील एक ब्राह्मी लेख वेगळी साक्ष देतो. धेनुकाकट या गावी राहणाऱ्या, नांगर हाकणाऱ्या एका कुणब्याच्या पत्नीने तेथील लेण्याचे दान दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे अनेक शतकांनी याच डोंगरांत एका कुणब्याच्या घरातील संताने साधना करावी, हा योग भाविकांनी अवश्य ध्यानी घ्यावा.

तुकोबाराय डोंगरावर का गेले?

तुकोबारायांच्या घरी पिढीजात विठ्ठलभक्ती होती. पूर्वजांचे विठ्ठल मंदिर गावातच होते. असे असता त्यांना डोंगर का जवळचा वाटला? याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते. घरी शेती, दुकान आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाला. प्रथम पत्नी रखुमाबाई आणि पुत्र यांचा वियोग घडला. गावात राहावे तर देणेकरी आणि घेणेकरी दोन्ही समोर येत. अशा वेळी मनाचा ठाव घेण्यास निवांत जागा हवी होती, ती डोंगराने दिली.

परंपरा सांगते की, ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले आणि पंधरा दिवसांनी त्यांना साक्षात्कार झाला. गाथेतही भामगिरीचा उल्लेख येतो. धाकटे बंधू कान्होबा त्यांचा शोध घेत तेथे पोहोचले. दोघे बंधू इंद्रायणीकाठी आले. तेथे तुकोबारायांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खतपत्रे मागविली. कान्होबांना आपला प्रपंच चालवावयाचा होता, म्हणून निम्मी खते त्यांना देण्यात आली. उरलेली निम्मी तुकोबारायांनी इंद्रायणीत बुडविली.

हा प्रसंग नीट अभ्यासण्याजोगा आहे. एकांतात जे उमगले, त्याचा पहिला परिणाम गावातील कर्जदारांच्या सुटकेत दिसून आला. बंधूचा वाटा मात्र त्याच्या हाती राहिला. स्वतःच्या त्यागाचा भार दुसऱ्यावर टाकला गेला नाही. तुकोबारायांचा एकांत लोकांकडे पाठ फिरविणारा नव्हता. डोंगर चढणे जितके महत्त्वाचे, तितकेच तेथून उतरून येणे महत्त्वाचे, हा या तीन स्थानांचा बोध होय.

तीन स्थानांचा परिचय

१) भंडारा डोंगर : देहूपासून सुमारे ६ किलोमीटर अंतरावर इंदुरी व सुदुंबरे या गावांजवळ हा डोंगर आहे. तुकोबाराय येथे नित्य चिंतनास येत असत, अशी श्रद्धा आहे. त्यांची पत्नी जिजाबाई भाकरी घेऊन रानवाट तुडवीत येत. एकदा पायात काटा रुतला असता तो प्रत्यक्ष पांडुरंगाने काढला, ही कथा याच वाटेची म्हणून सांगितली जाते. माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी तुकोबारायांना स्वप्नात गुरुपदेश केला. त्या तिथीस येथे मोठा उत्सव होतो. मंदिराकडे जाणारे भाविक डोंगराच्या कड्यातील प्राचीन लेणी व स्तूप न पाहताच परततात. थोडी वाट वाकडी करून ती अवश्य पाहावीत.

२) भामचंद्र डोंगर : खेड तालुक्यात, चाकणच्या पश्चिमेस शिंदे-वासुली या गावाजवळ हा डोंगर उभा आहे. येथील चढ इतर दोहोंपेक्षा अधिक कष्टाचा असून कड्यालगतच्या पायवाटेने जाताना सावधपणा ठेवावा लागतो. तुकोबारायांच्या ध्यानाची गुंफा भाविक येथे दाखवितात. वारकरी संप्रदायाचे काही साधक आजही या गुंफांच्या आश्रयाने राहून गाथा व ज्ञानेश्वरीचा अभ्यास करतात. त्यांचे पठण चालू असता मोठ्याने बोलणे टाळावे.

३) घोरावडेश्वर : जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगत, तळेगावच्या अलीकडे हे स्थान आहे. लोकलने येणाऱ्यांस बेगडेवाडी व घोरावाडी ही स्थानके जवळची पडतात. चढण पायऱ्यांची आहे. बौद्ध लेण्यात पुढील काळात शिवलिंगाची स्थापना झाली असून महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. भिक्षूंची लेणी, शिवालय आणि वैष्णव संताची आठवण एकाच खडकात नांदत आहेत.

बदललेला परिसर

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि माळरानाचे रूप पालटू लागले. पुढे भोसरी, तळेगाव व चाकण येथे औद्योगिक वसाहती आल्या. संत तुकारामनगरातील असंख्य कुटुंबांची चूल या उद्योगांवरच पेटते, याचे विस्मरण होऊ नये. परंतु त्याच वेळी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत बांधकामे पोहोचली, हेही तितकेच खरे. २००८ साली शिंदे-वासुली येथे एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीच्या संशोधन केंद्रास वारकरी व ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. पुढे तो प्रकल्प तेथून मागे घेण्यात आला. डोंगर म्हणजे पडीक जमीन नव्हे, याची जाणीव त्या आंदोलनाने सर्वांस करून दिली.

मावळातील लोहगड किल्ल्याचा समावेश २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्याकडे जगाचे लक्ष राहील. या तीन डोंगरांचा मुख्य वारसा मात्र तेथील शांतता आहे. ती कोणत्याही कुंपणात बंद करता येत नाही. येणाऱ्या प्रत्येकाने ती सांभाळावी लागते.

यात्रेकरूंनी पाळावयाचे नियम

तिन्ही डोंगर एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह धरू नये. एका दिवशी एकच स्थान घ्यावे. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. एकादशी व उत्सवाची गर्दी टाळून गुरुवारी पहाटे निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचता येते. वृद्धांनी व लहान मुले सोबत असलेल्यांनी प्रथम भंडारा निवडावा.

आषाढ-श्रावणात खडकावर शेवाळ धरते. त्या दिवसांत कड्यालगत जाऊ नये. विजा चमकत असता माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. मार्गशीर्षापासून गवत वाळते. विडी वा चुलीच्या एका ठिणगीने वणवा पेटून रोपे, पक्ष्यांची घरटी व गुरांचा चारा नष्ट होतो.

उंच कड्यांवर आग्या मोहोळ असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी धूप, कापूर व उदबत्ती लावणे, फटाके वाजविणे किंवा खडे मारणे जिवावर बेतू शकते. धुराने डिवचलेल्या माश्या सर्वांवरच तुटून पडतात. त्या उठल्यास हात न झटकता उपरण्याने वा पदराने तोंड-डोके झाकून त्वरित दूर जावे. डोंगरावर नामस्मरण हीच पूजा समजावी; धूपारती गावातील मंदिरात करावी.

लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत. शेंदूर वा ऑईल पेंट लावू नये. रंगाखाली गेलेले अक्षर अभ्यासकांस वाचता येत नाही. टाक्यांत पाय धुऊ नयेत, निर्माल्य टाकू नये. पिण्याचे पाणी खालूनच न्यावे आणि रिकाम्या बाटल्या व पिशव्या परत आणाव्यात. ध्वनिवर्धक नेऊ नये. वर पोहोचल्यावर किमान पंधरा मिनिटे कोणाशीही न बोलता बसावे, म्हणजे हे स्थान का निवडले गेले, ते ज्याचे त्याला कळते.

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबारायांची पालखी देहूतून प्रस्थान ठेवते आणि आकुर्डीस मुक्काम करून पुढे पंढरपूरकडे जाते. लाखोंच्या त्या गजरामागे या डोंगरांवरील काही दिवसांची निःशब्द बैठक आहे. दिंडीत चालणाऱ्या भाविकाने वर्षातून एकदा तरी हा चढ चढावा आणि उतरताना आपल्याकडून कोणाचे ओझे हलके करता येईल, याचा विचार मनाशी पक्का करूनच गावात पाऊल ठेवावे.