संग्रहालयाची वास्तू : पाणी, प्रकाश आणि परिसर

वस्तुसंग्रहालय म्हटले की भव्य घुमट, उंच जोते आणि बंदिस्त दालने डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु संग्रहालयाचे कार्य साधी वास्तूही उत्तम रीतीने पार पाडू शकते. अहमदाबाद येथील साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे याचे बोलके उदाहरण होय.

गांधीजींनी १९१७ साली साबरमतीच्या काठी हा आश्रम वसविला. १९३० च्या दांडीयात्रेचा प्रारंभ येथूनच झाला. आश्रमातील घरे बैठी, कौलारू आणि साधी. त्यांच्या शेजारी भव्य इमारत उभी राहिली असती, तर त्या साधेपणालाच बाध आला असता. तरुण वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ यांनी हे भान राखले. त्यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या संग्रहालयाचे उद्घाटन १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

सहा मीटर लांबीरुंदीचा चौरस हे या रचनेचे मूळ माप आहे. असे अनेक चौरस एकमेकांस जोडलेले असून त्यांपैकी काही बंदिस्त, तर काही मोकळे आहेत. विटांचे खांब, दगडी फरशी, लाकडी दारे व कौलांचे छप्पर एवढीच सामग्री. पुढे संग्रह वाढल्यास नवे चौरस जोडता यावेत, अशीही योजना आहे.

पाण्याचा विचार येथे दोन प्रकारे केलेला दिसतो. छपराला आधार देणाऱ्या काँक्रीटच्या तुळयांना पन्हळीचा आकार दिल्याने पावसाचे पाणी त्यांतूनच वाहून जाते. मध्यभागी आकाशाखाली जलकुंडाचा चौक असून भोवतालच्या पडव्यांना त्याचा गारवा लाभतो. खिडक्यांना काच नाही. उजेड आणि वारा लाकडी पट्ट्यांच्या झडपांतून हवा तेवढा आत घेता येतो.

तथापि प्रखर प्रकाशाने शाई फिकी पडते आणि दमटपणाने कागद कुजतो. म्हणूनच पडव्या मोकळ्या ठेवल्या, तरी संग्रहाच्या दालनांना विटांच्या भिंती आहेत. माणसाला मोकळी हवा हवी, तर कागदाला आसरा हवा. या दोन्ही गरजांची सांगड येथे घातलेली आहे.

गावात वा शाळेत जुनी दप्तरे, नाणी, अवजारे यांचे छोटे संग्रहालय उभारू इच्छिणाऱ्यांनी हा धडा ध्यानी घ्यावा. ऊन कोणत्या बाजूने येते, पाऊस कोठून झोडपतो, कोणती झाडे राखावयाची आणि कोणती वस्तू कोठे ठेवावयाची, हे आधी ठरवावे. इमारतीचा नकाशा त्यानंतर काढावा.