औषधांची आडनावे

परीक्षा जवळ आली की फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा औषधांच्या नावांचा जप सुरू होतो. पाठांतराला माझा विरोध नाही. परंतु अर्थावाचून केलेले पाठांतर पेपर देऊन बाहेर पडताच विरून जाते, असे शिकविताना मी वारंवार पाहिले आहे.

आपल्या भागात खानापूरकर, निपाणीकर असे आडनाव ऐकले की गाव विचारावे लागत नाही. औषधांच्या मूळ नावांचेही बरेचसे तसेच आहे. (कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव निराळे, त्याला कुळ नसते.) जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या मूळ नावांची पहिली यादी १९५३ साली निघाली. त्या पद्धतीत एका कुळातील औषधांना सामान्यतः एकच शेपूट जोडतात. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल यांतील 'ओलॉल' दिसले की बीटा-रोधक समजावे, आणि रोग्याला दमा आहे काय हे लगेच मनात यावे. 'प्रिल' दिसले की रक्तदाबाबरोबर कोरडा खोकलाही आठवावा. असे जोडून लक्षात ठेवले म्हणजे एका शेपटीबरोबर अर्धे प्रकरण पाठ होते.

पण भास्कर या नावातही शेवटी 'कर' आहे, म्हणून भास नावाचे गाव शोधू नये! नायस्टॅटिन हे असेच भास्कर. ते बुरशीवरचे औषध. न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत सापडले, म्हणून ते नाव. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या कुळाची खरी खूण नुसते 'स्टॅटिन' नसून 'व्हास्टॅटिन' आहे: लोव्हास्टॅटिन, ॲटॉर्व्हास्टॅटिन.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन आपण सारखेच लिहितो. रोमन लिपीत मात्र पहिल्यात 'एम'नंतर वाय येतो, दुसऱ्यात आय. पहिले स्ट्रेप्टोमायसिस या सूक्ष्मजीवापासून मिळते, दुसरे मायक्रोमोनोस्पोरापासून. स्पेलिंगची चूक म्हणून जे आपण खोडतो, त्यात जन्मस्थान लपलेले असते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या हॅमायसिनमध्ये तर कारखान्याचीच आद्याक्षरे आहेत.

वहीचे पान उभे दुमडावे. डावीकडे नाव, उजवीकडे कुळ, उपयोग आणि एक धोका. उजवी बाजू झाकून उत्तर आठवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने. नुसते वाचत बसण्यापेक्षा आठवण्याचे हे कष्टच उपयोगी पडतात.

शेवटची चार पाने जुळ्या नावांसाठी राखावीत. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचे, हायड्रॉक्सिझिन खाजेचे. येथे शेपूट मदतीला येत नाही, मधली अक्षरेच पाहावी लागतात. अमेरिकेत आम्लपित्तावरचे लोसेक आणि लघवी वाढविणारे लॅसिक्स यांची इतकी गफलत होऊ लागली की १९९० साली लोसेकचे नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले. आपल्याकडे चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही, तर अंदाजाने बाटली काढू नये; डॉक्टरांना फोन करून विचारावे, गिऱ्हाईक कितीही खोळंबले तरी.