गवताच्या दोन काड्या

सकाळचे ६ वाजून ५० मिनिटं. सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळेची रिक्षा येऊन उभी राहते आणि काका हॉर्न वाजवतात. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. घरात आमची पाच वर्षांची लेक एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात चित्रकलेची वही धरून दाराशी उभी असते. कडी काढायला हात मोकळा नाही. ती कडीकडे बघते, आपल्या हातांकडे बघते. तेवढ्यात मी "अगं चल ना!" म्हणत मागून हात घालते, कडी काढते, वहीसुद्धा तिच्या हातून ओढून घेते.

तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच चालत असेल. बुटाचे बंद आपण बांधतो, डब्याचं झाकण आपण उघडतो, दप्तर आपण भरतो. यात वाईट हेतू कुठला? उशीर झालेला असतो आणि रात्रीची झोप पुरी झालेली नसते. आमच्याकडे यांना कापड मार्केटमधून यायला रात्रीचे साडेनऊ होतात, सीझनमध्ये अकराही. मी घरी शिकवण्या घेते. लेकीने कडी कशी काढावी याचा विचार करत उभं राहायला सवड कुणाला आहे?

मला हे खटकायला लागलं ते एका प्राध्यापकामुळे. बी.एड.ला असताना पियाजे हे नाव हमखास येणाऱ्या प्रश्नाचं होतं. बौद्धिक विकासाच्या चार अवस्था, त्यांचे वयोगट, प्रत्येकीची वैशिष्ट्यं. घोकलं, लिहिलं, गुण मिळाले, विसरले. मानसशास्त्राचा हा एवढा मोठा प्राध्यापक तीन मुलांचा बाप होता, आणि त्याच्या काही पुस्तकांत पानोपानी तीच तीन मुलं आहेत, हे तेव्हा मनावर ठसलंच नाही. आई झाल्यावर पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा अवस्था बाजूला राहिल्या आणि त्यांचं घर दिसायला लागलं.

ज्याँ पियाजे स्वित्झर्लंडचे. जिनिव्हाला रूसो इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिथल्याच विद्यार्थिनीशी, व्हॅलेंटाईनशी, १९२३ साली त्यांचं लग्न झालं. १९२५ साली जाकलीन झाली, १९२७ साली ल्युसिएन आणि १९३१ साली लोराँ. दोघं नवरा-बायको मुलांजवळ बसून ती काय करतात ते बारकाईने टिपून ठेवायचे. या नोंदींत त्या माउलीचाही मोठा वाटा आहे. नाव मात्र नवऱ्याचं झालं.

१९३६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात जाकलीनची एक नोंद आहे. पोर वीस महिन्यांची. दोन्ही हातांत गवताची एकेक काडी घेऊन ती बंद दारापाशी येते. उजवा हात दाराच्या मुठीकडे नेते. काडी हातात असताना मूठ फिरणार नाही हे तिच्या लक्षात येतं. ती काडी खाली जमिनीवर ठेवते, दार उघडते, काडी उचलते आणि आत जाते. परत बाहेर पडताना पुन्हा तेच, काडी खाली ठेवून मूठ धरते. पण आता दार आपल्याकडे ओढायचं आहे. ओढलं तर ते काडीवरून घासत येईल! ती मूठ सोडते, काडी उचलून दाराच्या वाटेतून दूर ठेवते आणि मग दार उघडते.

ही नोंद मी चार-पाचदा वाचली. वीस महिन्यांच्या पोरीने दार उघडण्याआधीच ते डोक्यात उघडून बघितलं होतं. आणि हे आज आपल्याला ठाऊक आहे ते एवढ्याचसाठी, की तिच्यासाठी कुणी दार उघडून दिलं नाही.

मी असते तर उघडून दिलं असतं. काडी टाकायलाही लावली असती. "छी, खाली टाक ती घाण!"

पियाजे या नोंदी ठेवत होते त्याच काळात आपल्या गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेकांचं बालमंदिर चालू होतं. ते १९२० साली सुरू झालं आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्या कामात सामील झाल्या. मुलाला त्याच्या हाताने करू द्या, हेच ती दोघं आईबापांना परोपरीने सांगत होती. म्हणजे हे शहाणपण काही परदेशातूनच आणायला हवं होतं असं नाही. ते आपल्या दाराशीच होतं.

पियाजेंच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल वाचून मात्र मी थबकले. त्यांच्या आईची मानसिक प्रकृती ठीक नसायची, घरात त्याचा ताण असायचा. आपण खेळणं फार लवकर सोडलं आणि गंभीर कामात शिरलो, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. १९०७ साली, जेमतेम दहा-अकरा वर्षांचे असताना, त्यांनी पांढऱ्या चिमणीवर लिहिलेलं टिपण छापून आलं. जग याला हुशारी म्हणतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र घरातल्या ताणापासून लांब, एकटाच पक्ष्यांकडे बघत बसलेला मुलगा येतो. आपल्या घरात आवाज चढतात तेव्हा गपचूप पुस्तक घेऊन बसणारं पोर "किती शहाणं" म्हणून आपण कौतुकाने दाखवतो ना, तेव्हा जरा त्याच्या शेजारी जाऊन बसावं.

खेळ सोडलेला हाच मुलगा मोठेपणी मुलांमध्ये बसून त्यांच्याकडून गोट्यांचे नियम शिकून घेत होता. मला विसरायला झालंय, तूच सांग कसं खेळायचं, अशा पद्धतीने. त्यातून त्यांचं १९३२ चं पुस्तक झालं.

त्याआधी तरुणपणी पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम त्यांच्याकडे आलं. मोजायची होती बरोबर उत्तरं. त्यांचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने का चुकतात?

हे वाचल्यावर मला आमचं उजळणीचं रणांगण आठवलं. लेक अठ्ठावीसनंतर म्हणाली, "वीस-नऊ, वीस-दहा, वीस-अकरा." दिवसभर शिकवण्या घेऊन माझं डोकं उठलेलं. मी ओरडले, तिने पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रात्री अंथरुणावर लक्षात आलं की पोरीने नियम काढला होता. वीसच्या पुढे एकेक वाढवत गेलं की वीस-दहा येणारच. एकोणतीस हा शब्दच आडवळणाचा, त्यात तीसच्या एक अलीकडे जाऊन मोजावं लागतं. तिचं उत्तर चुकलं होतं, विचार नव्हे. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "वीस-दहा कुठून आलं गं?" तिने बोटं मोजून सगळं समजावून सांगितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

आणखी एक नोंद मला टोचते. सोळा महिन्यांच्या जाकलीनसमोर पाहुण्या मुलाने थयथयाट केला, पाय आपटले, रडला. ती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तसाच थयथयाट करून दाखवला. काल बघितलेलं आज बाहेर आलं. आपले फोनवरचे चढलेले आवाज कुठल्या दिवशी बाहेर येतील, सांगता येत नाही.

पियाजेंवर टीकाही झाली. आपल्याच तीन मुलांवरून एवढे मोठे निष्कर्ष कसे, असं विचारलं गेलं. बाळांना बऱ्याच गोष्टी त्यांनी म्हटलं त्याहून आधी कळतात, असंही पुढच्या संशोधकांनी दाखवलं. ते खरंच आहे. पण मला त्यांच्याकडून सिद्धांत नको होता, त्यांचं थांबणं हवं होतं.

अमेरिकेत भाषणाला गेले की त्यांना हमखास विचारलं जायचं, या अवस्था लवकर उरकता येतील का? ते त्याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणायचे. आता तो सुरतेचाही प्रश्न आहे. पालकसभेत मी स्वतः विचारला आहे, "वाचायला कधी लागेल?" शेजारच्या मुलाला येतं म्हटल्यावर पोटात गोळा येतोच. तो यायचा थांबत नाही, आणि त्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नये.

वही घेऊन नोंदी ठेवणं आपल्याला जमणार नाही. मी एवढंच ठरवलं आहे, दिवसातून एकदा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. एकदाच. बाकी वेळ घाई आहेच. पहिल्या दिवशी माझे हात नुसते शिवशिवत होते. तुम्हीही करून बघा, फार तर दोन मिनिटं जातात.



गेल्या सोमवारी काकांचा दुसरा हॉर्न वाजला आणि मी हात मागे बांधून ओट्याशी उभी राहिले. लेकीने कडीकडे बघितलं, हातांकडे बघितलं. मग वही दातांत धरली, मोकळ्या हाताने कडी काढली आणि मागे वळूनही न बघता जिना उतरून गेली. वहीच्या पुठ्ठ्यावर तिच्या दातांचे चार खळगे अजून आहेत.