पेटी आणण्याआधी

चिमे, मधमाश्यांच्या पेटीचं खूळ डोक्यात घेतलंयस ना, मग आधी एक ऐक. पहिलं वर्षभर मध विसर. मधाचा हिशेब मांडून पेटी आणणारे पहिल्याच पावसाळ्यात हात टेकतात.

वाईत राहतेस, तेव्हा आपली सातेरी माशीच घे. मेलिफेरा जातीची माशी मध जास्त देते खरी, पण तिला फुलोऱ्यामागे गावोगाव हलवावं लागतं. नोकरी सांभाळून तुला ते झेपायचं नाही. जंगलातलं पोळं काढून आणून देतो म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लाव. वर महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी कर. त्याच बाजूला मांघर आहे, २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालेलं. जमलं तर तिथल्या एखाद्या मधपाळाबरोबर दिवसभर हिंड. चौकट किती सावकाश उचलतात ते नुसतं बघ.

सुरुवात पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पेटी ठेवायच्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, नाहीतर मुंग्या आल्याच. आठ-दहा दिवसांनी पेटी उघडायची, उगाच रोज नाही. राणी दिसलीच पाहिजे हा हट्ट नको. नवख्याला ती सहसा सापडत नाही. ऊन पाठीवर घे, चौकट जरा तिरकी धर आणि षटकोनी घरांच्या तळाशी बघ. बारीक पांढरी काडी उभी दिसली की ते अंडं. तीन दिवसांत त्याची अळी होते. म्हणजे अंडी आहेत, तर दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती. झालं काम, झाकण लाव.

डंख बसणारच. नांगी नखानं चटकन खरवडून काढ. पिकल्या केळ्यासारखा वास आला तर गुपचूप बाजूला हो, बाकीच्या माश्यांना ती हाक असते. हात सुजला तर घाबरू नकोस. अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला तर मात्र तडक दवाखाना गाठ.

खरी कसोटी जून ते सप्टेंबर. फुलं नाहीत, माश्या आत कोंडलेल्या. साखरेचा पाक द्यायचा तो संध्याकाळीच. दिवसा दिलास तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. तळ साफ ठेव, अशक्त वसाहतीत मेणकिडा जाळी धरतो. सातेरी मोठी मानी गं! उपासमार झाली, फार छेडलं, की पेटी सोडून चालती होते. तशी गेलीच, तर रडत बसू नकोस, आपलं काय चुकलं ते शोध.

आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव. माश्या उडता उडता हगतात, वाळत घातलेल्या पांढऱ्या साड्यांवर पिवळे ठिपके पडतात. पुढं कधी मध निघाला तर पहिली बाटली त्यांची. आईशी मात्र आत्ता काही बोलू नकोस, ते मी बघते.