जुनी हत्यारे वाचावी कशी?

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि दप्तरांतील कागद आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ही साधने बहुधा राजांची, सरदारांची आणि देवस्थानांची माहिती देतात. ज्यांनी वाड्याच्या तुळया तासल्या, शेतकऱ्याला कुळव जोडून दिला, जात्याला टाकी लावली, त्या कारागिरांनी स्वतःविषयी क्वचितच काही लिहून ठेवले. त्यांच्या मागे उरली ती त्यांची हत्यारे. या हत्यारांवर अक्षरे नसली तरी मजकूर असतो. तो वाचता कसा येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ही हत्यारे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. निपाणीचा गुरुवारचा बाजार असो वा बेळगावचा शनिवारचा, भाजीपाल्याच्या आणि धान्याच्या गर्दीतून जरा बाजूला गेले म्हणजे कोठे तरी एखादा विक्रेता गोणपाटावर जुने लोखंड मांडून बसलेला दिसतो. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार हे याच प्रकारचे मोठे बाजार होत. अमेरिकेत लोक घरातील नको असलेल्या वस्तू आपल्याच मोटारखान्यापुढे मांडून विकतात आणि जुन्या हत्यारांचे शौकीन तेथे भल्या सकाळी हजर होतात. आपल्याकडे घरातील जुनी हत्यारे बहुधा भंगारवाल्याच्या तराजूत जातात. तराजूला रंधा आणि मोडका गज सारखाच. म्हणून तराजूत पडण्यापूर्वी ती ओळखणारा डोळा हवा. हा डोळा चार प्रश्नांनी तयार होतो.

पहिला प्रश्न : हे कशाचे केले आहे?

लोखंड सारे एक नसते. त्यात कर्बाचे प्रमाण किती, यावर त्याचा गुण ठरतो. साध्या मऊ पोलादात कर्ब शेकडा पाव भागाहून कमी असतो. मोटारीच्या कमानीच्या पाट्यांत तो सुमारे अर्धा टक्का असतो. कानशीत एक टक्क्याहून अधिक असतो. कर्ब पुरेसा असेल तरच लोहाराने दिलेले पाणी पात्याला चढते. पाते लालबुंद तापवून एकदम थंड केले की ते अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. मग ते पुन्हा हळूहळू तापवावे लागते. या वेळी उजळलेल्या पृष्ठभागावर रंग चढतात : सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. करवतीला, पटाशीला, कुऱ्हाडीला कोणत्या रंगावर थांबवावयाचे हे जुना लोहार उष्णतामापकावाचून नेमके जाणत असे.

जुन्या रंध्याच्या पात्याची तिरपी कड थोडी घासून पाहा. पुष्कळदा धारेजवळ पोलादाचा एक चकचकीत पातळ थर दिसतो आणि त्याच्या पाठीशी करड्या रंगाचे मऊ लोखंड. पोलाद महाग होते, म्हणून ते फक्त धारेपुरते जोडलेले असे. यात काटकसर होती आणि शहाणपणही होते. कारण मऊ पाठ धक्का सोसते व घासण्यासही सोपी जाते. कधी चांभाराच्या रापीवर किंवा एखाद्या सुरीवर आडव्यातिडव्या बारीक रेघा आढळतात. त्या कानशीच्या दातांच्या खुणा होत. झिजलेली कानस टाकून न देता लोहाराने तिचेच नवे पाते घडविले, ही हकीकत त्या रेघा सांगतात.

दुसरा प्रश्न : हे कोणी आणि कोठे घडविले?

गावच्या लोहाराने घडविलेल्या विळ्यावर छाप नसतो. घणाचे ठसे असतात. कारखान्यात घडलेल्या हत्यारावर मात्र नाव किंवा चिन्ह ठोकलेले असते. इंग्लंडातील शेफील्ड हे नगर अशा हत्यारांबद्दल प्रसिद्ध होते. तेथे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत काढली आणि तेथील पटाश्या, कानशी, करवती जगभर गेल्या. चिन्हाजवळ देशाचे नाव असेल तर काळाचाही थोडा अंदाज बांधता येतो. कारण ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांचे कायदे झाल्यानंतर मालावर देशाचे नाव घालण्याची चाल वाढली.

बेळगाव एकोणिसाव्या शतकापासून लष्करी छावणीचे ठिकाण आहे. एखाद्या जुन्या टिकावावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आढळली, तर ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण असल्याचा तर्क करता येतो. मात्र तो टिकाव बेळगावच्याच छावणीतला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच मानावे, हा इतिहासाचा पहिला धडा येथेही लागू आहे.

याच नगराने आपल्या देशाच्या अवजारांच्या इतिहासात एक मोठे पान घातले आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी येथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या वेळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपावयास फार अवधी लागला. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आज जुन्या लोखंडाच्या ढिगात एखादा गंजका लोखंडी फाळ दिसला, तर त्याच्यामागे एवढा मोठा झगडा होता, हे आपण स्मरावे.

तिसरा प्रश्न : हे कसे वापरले गेले?

झीज ही हत्याराची रोजनिशी होय. रंध्याच्या ठोकळ्यावर तळवा टेकण्याच्या जागी खोलगट गुळगुळीतपणा येतो. पात्याची उरलेली लांबी पाहिली की ते किती वर्षे घासले गेले असेल याची कल्पना येते. पटाशीची मूठ वरून फुटून पसरली असेल तर तिच्यावर लाकडी मोगरीऐवजी लोखंडी हातोडा बसला असे समजावे. कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा, पण नवा. पाते मात्र जुने : म्हणजे दांडे बदलत गेले आणि पाते बापाकडून मुलाकडे आले. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या स्त्रियांची पान कातरण्याची कात्री पाहा. तिच्या मुठीवर कित्येकदा चिंधी गुंडाळलेली असते. दिवसभरात कितीदा ती कात्री उघडली आणि मिटली असेल, हे त्या चिंधीवरून उमजते.

चौथा प्रश्न : याचे नाव काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत तातडीचा आहे. लोखंड गंजून जाण्यास शंभर वर्षे लागतील. नाव एका पिढीत जाते. वाकस, गिरमिट, सामता, गुण्या, ओळंबा, सांडशी, रापी, आरी, धोटा : यांपैकी किती शब्दांच्या वस्तू आपण ओळखतो? आपल्या सीमाभागात तर प्रत्येक हत्यार दोन भाषांत नांदते. मराठी घरातील कुऱ्हाड कानडी शेजाऱ्याकडे कोडली होते, करवत गरगस होते, पटाशी उळी होते. धार मात्र एकच असते. एखादा प्रश्न ‘ऐरणीवर येतो’ असे आपण म्हणतो. पण ऐरण न पाहिलेल्या मुलाला त्या शब्दांतील तापलेले लोखंड आणि वेळेची घाई कशी कळावी?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बलुतेदारीच्या काळात हत्यार जन्माने हाती येत असे आणि त्याबरोबर समाजातील पायरीही ठरत असे. ज्या रापीने उत्तम वहाणा घडविल्या, ती रापी धरणाऱ्या हातांना समाजाने दूर ठेवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात बेळगाव जिल्ह्याचाही समावेश आहे. हा मान मुळात त्या हातांचा आहे. जुन्या हत्यारांचा अभ्यास म्हणजे जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे नव्हे. कौशल्याला तेव्हा न मिळालेला आदर आज देणे, हा त्याचा हेतू असावा.

हत्यार मिळाल्यावर काय करावे?

प्रथम घाई करू नये. सहाणेवर किंवा यंत्रावर खरडून चकचकीत केलेल्या हत्यारावरील छाप आणि झीज कायमची नष्ट होते. गंजलेला भाग एक दिवस रॉकेलमध्ये भिजवून पितळी तारेच्या कुंच्याने हलके घासावा. गंज हट्टी असेल तर चिंचेचा कोळ लावावा. त्यातील आम्ल गंज सोडविते. नंतर धुऊन, पूर्ण कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. लाकडी मुठीस जवसाचे तेल चांगले. पण त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. धारेचे काम घरातील मोठ्या माणसांसमक्षच करावे.

त्यानंतर एक वही घालावी. प्रत्येक हत्याराचे चित्र, लांबी, वजन, मराठी व कानडी नाव, कोणाकडून मिळाले आणि कोणत्या कामाचे, एवढे टिपावे. विकत घेतलेच पाहिजे असे नाही, शेजारच्या वृद्ध सुताराकडे जाऊन, “काका, हे कसे धरायचे?” एवढे विचारले तरी वहीचे एक पान भरेल. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर चष्म्यांचे व्यापारी होते. सुमारे १९२० पासून त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्याच्या वस्तू जमविल्या आणि त्यांतून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. निपाणीहून जवळच असलेल्या कणेरीच्या सिद्धगिरी मठात ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे. तेथे बारा बलुतेदारांची कामे पुतळ्यांच्या रूपाने पाहावयास मिळतात. शालेय सहलीस ते स्थळ अवश्य योग्य आहे.

परंतु पुतळ्याच्या हातातील वाकस बोलत नाही. बोलणारी माणसे अजून आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्या घरी माळ्यावर, कोनाड्यात, जुन्या पेटीत हत्यारे पडून आहेत. येत्या सुटीत प्रत्येकाने निदान एक हत्यार शोधावे, त्याचे नाव विचारावे आणि ते ज्याने वापरले त्याचेही नाव त्याच्या शेजारी लिहावे.